जुलाबाची औषधे: मेडिकलच्या काउंटरमागून केलेली पारख

कोल्हापुरात पावसाने जोर धरला, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि नळाला गढूळ पाणी येऊ लागले, की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक ठरलेले वाक्य रोज कानावर पडू लागते: "दादा, संडास लागल्यात, जरा कडक गोळी द्या." गेली १९ वर्षे मी हे वाक्य ऐकत आलो आहे, त्यामुळे मागणाऱ्याच्या मनातली कडक गोळी कोणती, हेही मला न सांगता कळते. ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असलेली ती गोळी असते. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक नाराज होते आणि ओआरएसचे, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या क्षार-साखरेच्या पुडीचे, पाकीट पुढे केले तर "ते नंतर बघू" म्हणून बाजूला सारते. माझ्या अनुभवाने आणि वाचनाने माझे मत असे झाले आहे, की प्रौढांच्या साध्या संसर्गजन्य जुलाबात लोकांच्या मनातली ही क्रमवारी नेमकी उलटी आहे. ते मत कारणांसह मांडावे, म्हणून दुकानाच्या फळीवरच्या या औषधांचा हा आढावा लिहीत आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. मी औषधनिर्माता आहे, डॉक्टर नाही. कोणते औषध कशासाठी असते, कसे काम करते आणि कोणी घेऊ नये, एवढेच मी अधिकाराने सांगू शकतो. दुसरे असे, की हा आढावा फक्त प्रौढांपुरता आणि फक्त अचानक सुरू झालेल्या, संसर्गातून आलेल्या जुलाबांपुरता आहे. २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ शौच आणि दुखण्याचा काळ १४ दिवसांच्या आत, अशी त्याची सर्वमान्य व्याख्या आहे. लहान मुलांचे शास्त्र वेगळे आहे. त्यांना झिंक दिले जाते आणि त्यांच्या औषधांची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे खालचे काहीही मुलांना लागू करू नये.

सुरुवात ओआरएसपासून करतो, कारण या सगळ्या फळीवर जीव वाचवण्याचा पुरावा ज्याच्या मागे सर्वांत भक्कम आहे, असे हे एकमेव पाकीट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. सगळे मिळून २०.५ ग्रॅम. २००२ पर्यंतचे जुने सूत्र याहून दाट होते. त्यातले सोडियम लिटरला ९० मिलिमोलवरून ७५ वर आणि द्रावणाची एकूण दाटता ३११ वरून २४५ वर आणली गेली, कारण पातळ द्रावणाने उलट्या कमी होतात आणि सलाईन लावण्याची वेळही कमी येते, असे दिसून आले होते. यातल्या ग्लुकोजचे काम ताकद देण्याचे नाही. जुलाब कितीही जोरात असले तरी लहान आतड्याच्या अस्तरातला एक दरवाजा सहसा शाबूत राहतो. त्या दरवाज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढले जाते. साखर नसेल तर मीठ आत जात नाही आणि मीठ आत गेले नाही तर नुसते तांब्याभर पाणी पिऊनही अंगातला शोष जात नाही. साखर गरजेपेक्षा जास्त झाली तर मात्र तीच पाण्याला आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच हे प्रमाण घरगुती अंदाजावर सोडलेले नाही.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या प्रौढ रुग्णांना तोंडावाटे हे द्रावण देऊन सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात कमी करता येते, हे दाखवून दिले. पुढे १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण पिंपांत कालवून, तोटीवाटे रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. शिकलेला कर्मचारी प्रत्येक रुग्णाशेजारी बसू शकत नव्हता. आई, भाऊ, शेजारी यांनीच पेले भरले. या माणसाला भारत सरकारने २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले. माझ्या काउंटरवरून वीस-पंचवीस रुपयांना जाणाऱ्या पाकिटामागे हा इतिहास आहे, हे मी गिऱ्हाइकाला वेळ असेल तेव्हा आवर्जून सांगतो.

औषध म्हणून ओआरएस निर्दोष आहे, पण आपली वापरण्याची रीत तशी नाही. सर्वांत मोठी चूक मापाची होते. एक लिटरचे मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पिणारे गिऱ्हाईक मला दर पावसाळ्यात भेटते. ते द्रावण इतके खारट-दाट होते, की त्याने अपायच होण्याचा संभव असतो. काहीजण अर्धे पाकीट आज आणि अर्धे उद्या असे अंदाजाने वापरतात, त्यात क्षारांचे प्रमाण बिघडते. २०० मिलिलिटरसाठीची छोटी पाकिटे वेगळी मिळतात, ज्यांना पेल्यानेच प्यायचे आहे त्यांनी ती घ्यावीत. घरातले तांबे एकसारखे नसतात. कोणात पाऊण लिटर मावते, कोणात सव्वा. म्हणून मी मोठे पाकीट देताना एक लिटरची पाण्याची बाटली आहे का, ते विचारतोच. पाणी उकळून गार केलेले असावे, पाकीट एकदाच पूर्ण टाकावे, कालवल्यावर परत उकळू नये, त्यात साखर किंवा लिंबू-सोडा मिसळू नये आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे. प्रौढाने प्रत्येक पातळ शौचानंतर २०० ते ४०० मिलिलिटर घ्यावे आणि उलटी होत असेल तर दहा मिनिटे थांबून घोट-घोट पुन्हा सुरू करावे.

दुसरी चूक नावाची. खोक्यातल्या रंगीत, गोड पेयांवर ओआरएस ही अक्षरे छापून ती वर्षानुवर्षे औषधाच्या फळीवर ठेवली जात होती. मीही ती विकली आहेत आणि त्याचे मला आज वाईट वाटते, कारण त्यातली साखर सूत्राच्या कितीतरी पट होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही खरेदी करताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि घटकांचे वर दिलेले आकडे वाचून घ्यावेत. इलेक्ट्रालचे पाकीट घ्या वा जनऔषधी केंद्रातले, सूत्र तेच असेल तर गुणही तोच. फरक चवीचा आणि थोडाफार किमतीचा.

तिसरी अडचण मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांची. "यात साखर आहे, मला चालायचे नाही," असे सांगून कित्येकजण पाकीट परत देतात. लिटरमागे १३.५ ग्रॅम म्हणजे जेमतेम तीन चमचे साखर. बाजारातल्या गोड शीतपेयाच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास असते. जुलाब चालू असताना मधुमेह्याने ओआरएस टाळणे हे घेण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे. साखर तपासत राहावी, एवढेच. रक्तदाबाच्या रुग्णांचा प्रश्न मिठापेक्षा त्यांच्या रोजच्या गोळीचा असतो. लघवी वाढवणारी गोळी आणि रक्तदाबाची काही औषधे अंगातले पाणी आटलेले असताना मूत्रपिंडावर भार टाकू शकतात, आणि मूत्रपिंड मंदावले की मधुमेहाची मेटफॉर्मिन अंगात साचून धोक्याची ठरू शकते. ती तात्पुरती थांबवायची का, हे आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर ओआरएस किती प्यायचे, हेही त्यांनाच विचारावे.

पाकीट मिळेपर्यंत काय, असेही लोक विचारतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण वेळ मारून नेते. तांदळाची पातळ पेज मीठ घालून घेतली तरी चालते, आणि ताकही चालते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम फार थोडे, म्हणून ते जोडीला ठीक, एकट्याने पुरेसे नाही. उसाचा रस मात्र नको. उसाच्या मुलखात राहून हे सांगणे कठीण जाते, पण त्यातली साखर जुलाब वाढवते आणि रसवंतीवरच्या बर्फाच्या पाण्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

इथेच सलाईनबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे ओआरएसचा खरा स्पर्धक गोळी नसून सलाईन आहे. "एक बाटली लावून घेतो म्हणजे तरतरी येईल," हा विचार गावोगावी रुजला आहे. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत असते ते साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी. जुलाबात वाहून गेलेले पोटॅशियम त्यात नसते. जो माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो, त्याला तोंडावाटे दिलेले ओआरएस तेवढेच, किंबहुना अधिक पूर्ण काम करते. ज्याला उलट्या थांबत नाहीत, ग्लानी आली आहे, लघवी बंद झाली आहे, किंवा ज्याला तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब धो-धो होत आहेत, त्याला मात्र सलाईन तातडीने हवेच. कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. अशा वेळी मेडिकलच्या पायरीवर एक मिनिटही न घालवता रुग्णाला सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) जवळच्या रुग्णालयात न्यावे.

आता जुलाब थांबवणाऱ्या औषधांकडे वळतो. लोपेरामाइड हे यातले सर्वांत जुने आणि सर्वांत झटपट. १९६९ मध्ये बेल्जियमच्या यान्सेन प्रयोगशाळेत ते तयार झाले. अफूच्या कुळातले असूनही नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. आतड्याच्या भिंतीतल्या ग्राहींवर बसून आतड्याची हालचाल मंदावते, त्यामुळे पाणी शोषायला वेळ मिळतो. प्रौढांसाठी पहिल्यांदा ४ मिलिग्रॅम आणि मग प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम अशी मात्रा असते. डॉक्टरांना न विचारता दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या पुढे आणि दोन दिवसांच्या पुढे जाऊ नये. फार मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला आहे. ताप नाही, रक्त नाही, नुसते पाण्यासारखे जुलाब आहेत आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला कामासाठी जाणे टळत नाही, अशा प्रौढासाठी हे औषध उत्तम आहे. त्याच्या मर्यादेत मला ते आवडते.

पण त्याची मर्यादा मी माझ्याच घरात ओलांडली आहे. जुलै २०२१ च्या महापुरात शहराचे पाणी उपसा करणारे पंप बुडाले, नळ बंद झाले आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. नदीकाठच्या गावातून माझे मामा तेव्हा आमच्याकडे आले होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. दुकान उघडायची घाई होती. मी त्यांना "मामा, ही गोळी घ्या, दुपारपर्यंत बरे वाटेल," असे सांगून लोपेरामाइड दिले आणि निघून गेलो. ताप आहे का, हे मी विचारले नाही. त्यांच्या अंगात सकाळपासूनच कणकण होती, पण पाहुणे म्हणून आलेल्या घरात तक्रार कशी करायची, म्हणून ते बोलले नाहीत. दुपारनंतर जुलाब खरेच थांबले आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. रात्री पोट डमरूसारखे फुगले, कळा येऊ लागल्या आणि पहाटे शौचातून आव-रक्त पडले. रुग्णालयात दाखल केल्यावर ही जिवाणूंमुळे झालेली रक्ती आव असल्याचे आणि मूत्रपिंडावर ताण आल्याचे कळले. त्यांची रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळीही आम्ही चालूच ठेवली होती. पाच दिवसांनी ते बरे होऊन घरी आले. आतड्याला इजा करणारे जिवाणू आणि त्यांचे विष बाहेर पडण्याची वाट अशा वेळी अडवायची नसते, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते आणि काउंटरवर लोकांना सांगितलेही होते. त्या दिवसापासून ताप आणि रक्त हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय माझ्या हातून लोपेरामाइड बाहेर जात नाही.

रेसेकॅडोट्रिल हे तुलनेने नवे औषध. फ्रान्समध्ये ते १९९० च्या दशकात बाजारात आले. त्याची वाट निराळी आहे. ते आतड्याची हालचाल थांबवत नाही, तर आतड्यातून होणारा पाण्याचा पाझर कमी करते. शरीरात तयार होणारी एन्केफॅलिन नावाची द्रव्ये हा पाझर आवरत असतात, त्यांना मोडणाऱ्या विकराला हे औषध अडवते. प्रौढांना १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, जेवणापूर्वी देतात आणि शौच पूर्ववत झाले की बंद करतात. प्रौढांमध्ये लोपेरामाइडशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत दोन्हींनी जुलाब साधारण सारख्याच वेळात थांबले, पण रेसेकॅडोट्रिल घेणाऱ्यांत नंतरचा बद्धकोष्ठ आणि पोटफुगी कमी आढळली. म्हणून पाण्यासारख्या जुलाबात पोट फुगण्याची तक्रार असलेल्या माणसाने या दोहोंतून निवडायचे असेल, तर मी रेसेकॅडोट्रिलच्या बाजूने आहे. किंमत जास्त आहे, आणि कॉलऱ्यासारख्या जोरदार जुलाबात त्याचा उपयोग होत नाही; बांगलादेशात प्रौढ कॉलरा-रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नव्हता. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्या घेणाऱ्यांनी हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण या जोडीने ओठ, जीभ आणि घसा सुजण्याचा धोका नोंदला गेला आहे.

आता त्या कडक गोळीबद्दल. ऑफ्लॉक्सॅसिन २०० मिलिग्रॅम आणि ऑर्निडॅझोल ५०० मिलिग्रॅम या जोडगोळीमागचा विचार सरळ आहे: जिवाणू असतील तर पहिले औषध मारील, अमीबा असेल तर दुसरे. तपासणी न करता दोन्हीकडून खात्री, असे वाटते. माझा आक्षेप या विचारालाच आहे. प्रौढांचे अचानक सुरू होणारे पाण्यासारखे जुलाब बहुतांशी विषाणूंमुळे, काही विशिष्ट ई. कोलाय जिवाणूंमुळे किंवा शिळ्या-उघड्या अन्नात आधीच तयार झालेल्या विषामुळे होतात. विषाणूवर या दोहोंपैकी एकही औषध चालत नाही. लग्नाच्या किंवा जत्रेच्या जेवणानंतर दोन-चार तासांतच उलट्या-जुलाब सुरू झाले असतील, तर ते अन्नातले तयार विष असण्याचा संभव मोठा आणि प्रतिजैविकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. अमीबाची आव सहसा हळूहळू, काही दिवस-आठवडे वाढत जाते. काल रात्री जेवून आज सकाळी पाण्यासारखे जुलाब, हे तिचे नेहमीचे रूप नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी ही गोळी सर्वांत जास्त मागितली जाते, त्यातल्या बहुतेकांना तिच्या दोन्ही भागांचा उपयोग नसतो. तीन दिवसांत ते बरे होतात ते स्वतःच्या प्रतिकारशक्तीने. श्रेय मात्र गोळीला मिळते आणि पुढच्या वेळी चिठ्ठीशिवाय तीच मागितली जाते.

तोटा नसता तर मी एवढे लिहिले नसते. ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन या कुळातल्या औषधांनी घोट्यामागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुजणे वा तुटणे, हातापायांच्या नसांना इजा होणे असे दुष्परिणाम क्वचित होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंडरेबाबतचा ठळक इशारा २००८ मध्ये आणि साध्या आजारांत ही औषधे टाळण्याचा सल्ला २०१६ मध्ये दिला. साठीच्या पुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसांत हा धोका अधिक. त्याहून गंभीर गोष्ट प्रतिरोधाची आहे. दक्षिण आशियात शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि विषमज्वराचे जिवाणू या कुळाला मोठ्या प्रमाणात दाद देईनासे झाले आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये काढलेल्या चिंताजनक जिवाणूंच्या यादीत ही नावे याच कारणाने आली. ज्या रुग्णाला खरोखर रक्ती आव आहे, त्याच्या उपयोगाचे औषध आपण ज्यांना गरज नाही अशांना वाटून बोथट करून बसलो आहोत. प्रतिजैविकांच्या स्ट्रिपवरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, एवढ्यासाठीच आहे. ती गिऱ्हाइकासाठी जेवढी आहे, तेवढीच आम्हा दुकानदारांसाठीही आहे, आणि आमच्या धंद्यात ती सगळीकडे पाळली जात नाही, हे मी मान्य करतो. पारख करणारा म्हणून माझा निर्णय असा, की साध्या पाणचट जुलाबासाठी स्वतःहून घेण्याच्या औषधांत या जोडगोळीला मी सर्वांत खालचे स्थान देतो. नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडॅझोल या जुन्या जोडीबद्दलही माझे मत हेच आहे.

प्रतिजैविक कधीच लागत नाही, असे मात्र नाही. ताप आणि शौचात रक्त, प्रवासातला जोरदार जुलाब, कॉलऱ्याचा संशय, दुबळी प्रतिकारशक्ती अशा वेळी डॉक्टर ते देतात आणि तेव्हा ते पूर्ण घ्यावे. आपल्या भागात रक्ती आवेसाठी प्रौढांना आज पहिली पसंती बहुधा अॅझिथ्रोमायसिनला मिळते: ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस, किंवा एक ग्रॅम एकदाच. एकदम एक ग्रॅम घेतल्याने मळमळ होते, पण सोय मोठी आहे. हृदयाच्या ठोक्यांचा जुना त्रास असलेल्यांनी तो डॉक्टरांना आधी सांगावा. कॉलऱ्यात डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅम एकदाच दिले जाते, तेही ओआरएस-सलाईनच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे. प्रवाशांच्या जुलाबात योग्य प्रतिजैविकाने दुखणे साधारण एक दिवस आधी आटोपते. त्या एका दिवसाची किंमत कोणासाठी मोजायची, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. ई. कोलायच्या एका जातीच्या संसर्गात तर प्रतिजैविकाने मूत्रपिंडाचा गंभीर विकार होण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून रक्त पडते आहे एवढ्यावरून घरातली उरलेली स्ट्रिप उघडणे चुकीचे ठरते.

रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, आतड्यातच राहून काम करते. २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन दिवस, असा प्रवासी जुलाबाचा क्रम असतो. ताप किंवा रक्त असेल तर ते निरुपयोगी. महाग आहे आणि त्याची गरज असलेले गिऱ्हाईक आमच्याकडे विरळा येते.

मेट्रोनिडॅझोल हे आपल्याकडचे जुने, स्वस्त आणि अमीबाच्या सिद्ध झालेल्या आवेसाठी खरोखर गुणकारी औषध आहे. जिभेवर धातूसारखी कडवट चव येते, मळमळ होते आणि त्या काळात दारू वर्ज्य असते. लोक दोन दिवस बरे वाटले, की गोळ्या सोडतात. अमीबासाठी डॉक्टर ती पाच ते दहा दिवस देतात, आणि आतड्याच्या पोकळीत उरलेला अमीबा मारण्यासाठी त्यानंतर डायलॉक्सानाइड फ्युरोएटसारखे दुसरे औषध लागते. ते दुसरे औषध कितीतरी चिठ्ठ्यांवर असूनही विकत घेतले जात नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत आवेसाठी घरोघरी एन्टरो-क्विनॉलच्या गोळ्या असत. त्यातल्या क्लायोक्विनॉल या द्रव्याचा संबंध जपानमध्ये हजारो लोकांच्या डोळ्यांना आणि पायांच्या नसांना झालेल्या इजेशी जोडला गेला आणि १९७० मध्ये तिथे ते बंद झाले. वापरून सवय झाली म्हणजे औषध निर्धोक ठरत नाही, हे मला तेव्हाच्या त्या बाटलीची आठवण झाली की जाणवते.

प्रोबायोटिक्सबद्दल, म्हणजे पोटासाठी घ्यायच्या उपकारक जंतूंबद्दल, थोडक्यात. एन्टेरोजर्मिनाच्या कुप्या आणि इकोनॉर्मच्या पुड्या यांना मागणी खूप आहे, अपाय क्वचित आहे, पण प्रौढांच्या संसर्गजन्य जुलाबात त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये घेतलेल्या मोठ्या आढाव्यात जुलाब ४८ तासांपलीकडे लांबण्याच्या प्रमाणात प्रोबायोटिकने बहुधा फरक पडत नाही, असेच दिसले. प्रतिजैविकामुळे पोट बिघडते, त्या निराळ्या तक्रारीत त्यांना थोडे स्थान आहे. ज्याच्या खिशात शंभर-दोनशे रुपयेच आहेत, त्याने ते ओआरएस, उकळलेले पाणी आणि मऊ भातावर खर्च करावेत, असे मी सांगतो. पोटातल्या कळांसाठीची डायसायक्लोमिनची गोळीही लोक मागतात. ती आतड्याला आणखी मंद करते, म्हणून ताप किंवा रक्त असताना तिलाही लोपेरामाइडचाच नियम लावावा. उलट्या थांबत नसतील तर ऑन्डान्सेट्रॉन डॉक्टरांच्या सल्ल्याने फार उपयोगी पडते, कारण पोटात ओआरएस टिकू लागले की निम्मी लढाई सोपी होते.

खाण्याबाबत विचारतात म्हणून सांगतो: उपाशी राहू नये. मऊ भात, मेतकूट, ताक, केळे, पेज चालते. तांबडा रस्सा चार दिवस थांबू शकतो. कुड्याच्या सालीचा काढा आणि बेलाचा मुरांबा आमच्या आजीनेही दिला आहे. त्यांबद्दल मला आदर आहे, पण पाणी भरून काढण्याच्या कामात ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत.

कोणत्याही गोळीआधी मी आता काउंटरवर विचारतो ते असे: ताप १०१ च्या पुढे आहे का, शौचात रक्त आहे का, तीन दिवस उलटले का, लघवी कमी आणि गडद झाली आहे का, उभे राहिल्यावर चक्कर येते का, बाई गरोदर आहे का, वय पासष्टच्या पुढे आहे का, नुकतीच कोणती प्रतिजैविके घेतली आहेत का. एकाही प्रश्नाला हो आले, तर मी ओआरएस देतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो. त्या दिवशी माझी विक्री कमी होते, आणि काहीजण समोरच्या दुकानात जाऊन हवी ती स्ट्रिप घेतातही.

मामा आता गावी असतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ओआरएसची सहा मोठी पाकिटे नेली आणि ती ओल लागू नये म्हणून झाकणाच्या डब्यात घालून देवळीत ठेवली. पावसाळी हवेत पाकीट दमट होऊन आतली पूड गोळा झाली, की ते वापरू नये. त्यांच्या घरातल्या मोठ्या स्टीलच्या तांब्यात मापून एक लिटर पाणी ओतले आणि पाण्याची पातळी आली तिथे बाहेरून खिळ्याने एक आडवी रेघ ओढली. "रेघेपर्यंत पाणी आणि अख्खे पाकीट," असे मामींनी माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवले.